चौदावा टेक

नेलिदा आत्याच्या दुकानात
हसत कुणी येत नाही.
पायसांदूत तीन पिढ्या आम्ही पेट्या पुरवतो,
गाडी, फुलं, मेणबत्त्या, दफनाचे कागद,
आणि मोंतेविदेओच्या मोठ्या कंपनीने
नदीवरून ड्रोन उडवून जाहिरात केल्यापासून
व्हिडिओही.

तो करायचा मी. भाचा म्हणून, फुकट.
त्यासाठी रात्रभर शिकवण्या पाहिल्या होत्या:
खांदे मागे. हनुवटी किंचित खाली.
बोलण्याआधी तीन सेकंद हसा.
कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे जुना मित्र समजा.

"कुठला?" आत्याने विचारलं.
"या खोलीत माझे जुने मित्र आले
ते आडवेच आले."

पहिल्या टेकला तिने हसून दाखवलं.
मी कॅमेरा बंद केला.
बूट चावतोय
आणि यजमानाला कळू द्यायचं नाही,
असा चेहरा.
दुसऱ्यात "आमची संस्था" म्हणताना जीभ अडखळली,
तिसऱ्यात मागची शीतपेटी घरघरली,
चौथा, पाचवा मला आठवतच नाहीत.
सहाव्यात म्हणाली, हात कुठे ठेवू?
चाळीस वर्षं जे हात
दुसऱ्यांच्या टायची गाठ मारत आले,
शेवटचं बटण न चुकता लावत आले,
ते मांडीवर पडून होते,
परक्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखे.

आठव्याला मी भिंगाच्या वर
एक पिवळा हसरा चेहरा चिकटवला.
ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.
"याचं कोण गेलं?"

तेराव्यानंतर तिने मातेसाठी पाणी ठेवलं.
मी म्हणालो, आत्या, आत्मविश्वास दिसला पाहिजे.
"ज्याची आई आज सकाळी गेली," ती म्हणाली,
"त्याला माझा आत्मविश्वास
काय करायचाय, फाकुंदो?"

किटली तशीच शिट्टी देत राहिली.
आत्या उठली, तिकाटण्यावरून कॅमेरा काढला,
ती ज्यांना उचलते
त्यांच्यासारखाच, मानेखाली हात घालून,
आणि टेबलापलीकडच्या खुर्चीत ठेवला.
त्या खुर्चीचं मखमल
फक्त पुढच्या कडेला झिजलंय;
तिथे पाठ टेकून कुणी बसत नाही.
खाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी सरकवली,
मग अजून एक.
उंची दोनदा पाहिली.
समोर पाण्याचा पेला ठेवला.

पेला फ्रेममध्ये येतोय, मी म्हणालो.
"येऊ दे."

लाल दिवा.
ती हसली नाही. मी मनात मोजत होतो,
तीन, पाच, नऊ.
मग ती किंचित पुढे झुकली:

"आधी पाणी प्या.
घाई नाही. तुम्ही विसराल ते मी लिहून घेते.
बूट दोन जोडांतले घालून आलात, त्याचं काही नाही,
पुष्कळ जण येतात."

त्यानंतर, आवाज जराही न बदलता,
तिने दर सांगितले. सगळे.
साध्या पाइनच्या पेटीचा सर्वांत आधी.
कशाचे पैसे आम्ही घेत नाही, तेही.
आणि हात?
एक वहीवर होता,
दुसऱ्याने ती पेला
थोडा भिंगाकडे सरकवत होती.

मी जमिनीवर, खुर्चीच्या मागे बसलो होतो.
उगाच माझे बूट पाहिले.

व्हिडिओ दोनशे बारा लोकांनी पाहिला.
ड्रोनवाल्यांचा चाळीस हजारांनी.
आत्याने दोन्ही आकडे ऐकले
आणि पावती-पुस्तकातला कार्बन बदलला.

मग ऑगस्टमधली एक पहाट,
खिडक्यांवर दहिवर, नदीकडून बोचरा वारा.
फोन खणखणला. आत्या शाल ओढत आली,
मी जिन्यात थांबलो.
पलीकडे कुणीच बोलेना.
तिनेही "हॅलो" पुन्हा म्हटलं नाही.
नुसता रिसीव्हर कानाला धरून
ती उभी, अनवाणी, गार फरशीवर.

शेवटी एका पुरुषाचा आवाज, इतका बारीक
की मला जिन्यातून
फक्त एक शब्द कळला:

"प्यायलो."

आत्याने दातांनी पेनचं टोपण काढलं.
"बरं," ती म्हणाली. "आता नाव सांगा.
त्यांचं नंतर.
आधी तुमचं."